पथारीवरचा नाताळ

नंदुरबारात मिरची आल्याचं आधी नाकाला कळतं. दिवाळी उरकते, सकाळी अंगाला गारवा झोंबायला लागतो आणि एक दिवस गावाबाहेरच्या वळणावर अख्खी एसटी एकदम शिंकते. कंडक्टर तोंडाला रुमाल लावतो, कुणी खिडकी ओढून घेतं, लेकुरवाळ्या बाया बाळाच्या तोंडावर पदर टाकतात. बाहेर उघड्या रानात पथाऱ्या पडलेल्या असतात. ओली लाल मिरची, नजर जाईल तिथवर, उन्हात पसरलेली. दुरून ते लग्नघरच्या अंगणात लुगडी वाळत घातल्यासारखं दिसतं. परगावचे लोक बस थांबली की मोबाइलवर फोटो काढतात.

मी इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. रोज याच रस्त्यानं ये-जा करते. मी खिडकी ओढत नाही. ठसका येऊ देते, डोळ्यांना पाणी येऊ देते. या दिवसांत नंदुरबारात कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कुणी कारण विचारत नाही, ही एक सोय आहे.

या पथाऱ्यांवर मी एक हिवाळा काढला आहे. माझी मोठी बहीण सुवार्ता आणि मी. तो तिचा दुसरा हिवाळा होता, माझा पहिला आणि शेवटचा.

आमचा पाडा विसरवाडीच्या मागच्या डोंगरात. पाड्यावर निम्मी घरं जुन्या देवांची, निम्मी आमच्यासारखी, रविवारी ख्रिस्ताच्या देवळात बसून गाणी म्हणणारी. जमीन सगळ्यांची सारखीच, उताराची आणि दगडाची. भात निघालं की पाडा रिकामा व्हायचा. मुकादमाचा ट्रक यायचा आणि माणसं ऊसतोडीला गुजरातेत जायची. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवायचा, म्हणजे मजुरी आगाऊ. ती पावसाळ्यातच खाऊन संपायची आणि मग हिवाळाभर ती फेडायला ऊस तोडायचा. आमचे आईबाबा असेच जायचे. आम्हा दोघींचं लहानपण कधी ऊसफडाच्या कडेला, कधी आश्रमशाळेत गेलं.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस असलं तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला कुणी फारसं घेत नाही. त्यामुळे पाड्यावर लग्नं लवकर व्हायची. लग्न झालं की कोयता पुरा व्हायचा. सुवार्ता दहावी होऊन घरी आली त्या उन्हाळ्यात मुकादम ओसरीत बसून बाबांना म्हणाला, "पोरगी उजवून टाका. यंदा दोन कोयत्यांची उचल देतो."

सुवार्ता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिनं तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला कुणाचा अर्धा कोयता व्हायचं नाही."

घरी आम्ही आमच्या कोकणीत, म्हणजे या डोंगरातल्या कोकणा लोकांच्या बोलीत बोलतो. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण मराठीत ते उद्धट वाटतं. तिचा आवाज उद्धट नव्हता. पाऊस येणार नाही असं सांगावं तसा होता.

तिचं ठरलेलं होतं. पुढच्या तीन वर्षांत विसरवाडीत तिनं शिवणकाम शिकून घेतलं. तिथे हायवेच्या कडेला एक गाळा भाड्यानं घ्यायचा, आपलं मशीन टाकायचं, मागच्या खोलीत राहायचं. उचल घ्यायची नाही, मालक नको, मुकादम नको. "झोपायचं कधी आणि उठायचं कधी, ते मी ठरवणार," ती म्हणायची. एवढंच तिचं स्वप्न होतं. त्या वेळी आम्हाला ते फार मोठं वाटायचं. पहिल्या हिवाळ्याच्या मिरचीत तिनं मशीन घेतलं. दुसऱ्या हिवाळ्यात गाळ्याची अनामत आणि माझी नर्सिंगची फी काढायची होती. मी बारावी झाले होते. ती मला म्हणाली, "एक हिवाळा माझ्याबरोबर चल. एकच. मग आपण दोघी मोकळ्या."

मोकळ्या. हा तिचा शब्द.

पथारीच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या होत्या, त्यातल्या एकीत आम्ही राहायचो. सकाळी दव निघेपर्यंत वाळत घातलेली मिरची हलवायची नाही. मग उन्हात बसून देठ खुडायचे, पांढरी पडलेली मिरची निवडून वेगळी टाकायची. तिला फटकी म्हणतात. तोंडाला फडकं, डोक्याला फडकं, दिसायचे फक्त डोळे, आणि डोळेच सगळ्यात जास्त चुरचुरायचे. त्यांना हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकायचं. कुणाच्या डोळ्यात काही गेलं की ती मान पुढे करायची आणि शेजारीण आपल्या कोपरानं तिचा डोळा पुसायची. तान्ही मुलं असलेल्या बाया दुपारी मुलाला पाजताना हात पाठीमागे धरून बसायच्या, दुसरीनं मूल पदराखाली धरायचं. आईचे हात मागे आणि मूल पुढे, हे चित्र मी नंतर कुठेच पाहिलं नाही.

हात धुतले की आग वाढायची. गोडं तेल चोळलं की थोडी बसायची. गोधडीत हात घेता यायचे नाहीत, ऊब लागली की पुन्हा भडकायचे. आम्ही दोघी हात गोधडीबाहेर काढून थंडीत उघडे टाकून झोपायचो. सुवार्ता त्या काळात चहा पीत नव्हती. चपला तुटल्या त्या तारेनं बांधल्या होत्या. शेजारच्या झोपडीतल्या बाया शनिवारी बाजारात जाऊन भजी खायच्या, ती जायची नाही आणि मलाही जाऊ द्यायची नाही. मी कुरकुरले की म्हणायची, "आज नाही खाल्लंस तर मरशील का?" मी म्हणायचे, "नाही." "मग झालं तर."

हे ती चिडून म्हणायची नाही. त्या हिवाळ्यात ती खूश होती, हे मला आता लिहायलाच हवं. फडक्याआड ती गुणगुणायची. गाळ्याला कुठला रंग द्यायचा, पाटीवर काय लिहायचं, मशीन दारात ठेवायचं की खिडकीशी, हे ती देठ खुडता खुडता मला सांगायची आणि रोज बदलायची.

एका रविवारी याकोब आला. आमच्याच पाड्याचा, ढोल वाजवायचा, हसरा. त्याचं आणि सुवार्ताचं जमलेलं होतं, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. तो पथारीच्या बांधावर उकिडवा बसला आणि ठसक्यानं बेजार झाला. ती त्याला पाणी देऊन हसत राहिली. मग तो म्हणाला, "नाताळला घरी ये. माझी आई तुझ्या आईशी बोलून घेईल."

"अजून दोन वर्षं थांब," ती म्हणाली. "गाळा सुरू होऊ दे. नीट चालू दे."

"मी थांबेन गं. घरचे थांबतील असं वाटत नाही. भाऊ गेल्यापासून वहिनी एकटी आहे, उचल कोण फेडणार? मला जोडी लागेल."

"जोडी म्हणजे कोयता ना?"

याकोबनं मान खाली घातली. लबाड माणूस असता तर काहीतरी बोलला असता. जाताना त्यानं मला नाताळच्या गाण्यांची कुठली चाल बसवली आहे ते तोंडानं वाजवून दाखवलं. सुवार्तानं तोवर पुढची मिरचीची पाटी ओढून घेतली होती. त्या संध्याकाळी ती गुणगुणली नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळ्याच्या रंगावर आली.

आमच्याकडे नाताळ म्हणजे वर्षाचा मोठा सण. ऊसफडातूनसुद्धा माणसं दोन दिवसांसाठी ट्रक पकडून पाड्यावर येतात. दारादारांत बांबूच्या कामट्यांची कागदी चांदणी लागते. तांदळाच्या भाकरी, कोंबडी, घरोघर फिरून गाणी. पथारीवर नाताळची कुणाला खबर नसायची, पण आमच्यावर देखरेख करणाऱ्या इमलबाईला होती. इमलबाई धुळ्याकडची, अहिराणीत बोलायला तिखट, पण आम्हा दोघींना जेवताना लोणचं देणारी.

"काय वं पोरीसहोन, नाताळले घर नही जात का? तुम्हना मोठा सन शे ना तो?"

"काम बंद आहे का त्या दिवशी?" सुवार्तानं विचारलं.

"बंद कशानं! आभाळ भरी ऱ्हायनं. पानी उनं तर सगळा माल सडी जाई. ज्या बाया ऱ्हातीन त्यास्ले दीडपट मजुरी भेटी, असं शेठ म्हणस."

सुवार्तानं माझ्याकडे पाहिलं. मला घरी जायचं होतं. माझ्या तोंडावर फडकं होतं तरी तिला ते कळलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "पुढच्या नाताळला आपल्या घरी चांदणी लावू. आपल्या स्वतःच्या."

नाताळच्या दिवशी आभाळ खरंच भरून होतं. आम्ही घाईघाईनं मिरची गोळा करून ढीग करत होतो, त्यावर ताडपत्र्या ओढत होतो. दुपारी इमलबाई लांबून ओरडली, "अवं सुवार्ता, तुन्ही माय उनी शे, देख!"

आई बांधावर उभी होती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. आई कधी एकटी बसनं कुठे गेलेली नव्हती. ऊसफडातून पाड्यावर आली होती, तिथे आम्ही नाही असं पाहून सकाळी निघाली, विसरवाडीला बस बदलून, विचारत विचारत इथवर पोचली होती. अंगावर गडद लुगडं होतं. नाताळला ती नेहमी फिकट निळं नेसायची, ते माझ्या लक्षात आलं, आणि तिथेच राहिलं. मी धावत गेले, पण हात तिखट होते म्हणून मिठी मारता आली नाही. तिनंच माझं डोकं जवळ घेतलं.

"बस वं माय, पानी पे," इमलबाई म्हणाली. "तुन्ह्या पोरी भलत्या कामन्या शेतस."

आम्ही तिघी ढिगाच्या आडोशाला बसलो. फडक्यात भाकरी होत्या आणि कोंबडीचं सुकं. आमचे हात तिखट, म्हणून आईनं दोघींना घास भरवले. सुवार्ता घास खात खात तिला सगळं सांगत होती. गाळा बघून ठेवलाय. माझा अर्ज भरलाय. होळीपर्यंत दोन्ही जमेल. एक दिवससुद्धा खाडा करायचा नाही. "आई, एवढा हिवाळा. मग तूसुद्धा ऊस सोड. माझ्याकडे येऊन राहा. काजं-बटणं कर."

आई ऐकत होती. एकदा म्हणाली, "मी म्हणत होते..." तेवढ्यात वारं सुटलं, ताडपत्री उडाली आणि सुवार्ता उठून धावली. परत येऊन तिनं विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. याकोबच्या घरची माणसं विचारत होती."

"त्यांना सांग, थांबा."

"सांगते."

मग आईनं पदर तोंडाला बांधला आणि आमच्याबरोबर देठ खुडायला बसली. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "हात रिकामे ठेवून काय करू?" ती फार चांगली खुडायची. ऊस तोडून हात निबर झालेले, तिला झोंबतही नव्हतं. मध्ये मध्ये ती थांबायची, पोटाशी मूठ धरायची आणि पुन्हा सुरू करायची. ठसका असेल असं मला वाटलं. पाऊस आला नाही. आभाळ तसंच जड होऊन राहिलं आणि दिवस मावळायच्या आधी ती शेवटच्या बससाठी निघाली. इमलबाईनं तिचीही मजुरी लावली. ती आईनं सुवार्ताच्या हातात ठेवली.

नाताळचं गाणं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. बस दिसेनाशी झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

होळीपर्यंत खरंच दोन्ही जमलं. गाळ्याला सुवार्तानं हिरवा रंग दिला. मी नर्सिंगला लागले. याकोबचं लग्न त्याच उन्हाळ्यात त्याच्या वहिनीच्या धाकट्या बहिणीशी झालं. नवरीचे ब्लाउज सुवार्तानं शिवले, पाड्यावर दुसरं कुणी शिवणारं नव्हतं. मी तिला म्हणाले, नको म्हण ना. ती म्हणाली, "पहिलं मोठं काम आलंय." दुकान सुरू झालं तेव्हा आई आली, दिवसभर उंबऱ्याशी बसली. खूप वाळली होती. आल्या-गेल्याला सांगत होती, हे माझ्या मुलीचं.

पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. मी शिकत होते तिथे निरोप आला तोवर तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर बाबांवर चिडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. गर्भाशयाचा रोग होता, सगळीकडे पसरलेला. अंगावरून जाणं वर्षभरापासून चालू होतं. गडद लुगडं त्यासाठी होतं. मला हे तेव्हा कळलं नाही, कारण कळण्याइतकं मी अजून शिकले नव्हते. आता ओपीडीत गडद लुगडं नेसलेली, पोटाशी मूठ धरून "काही नाही, असंच" म्हणणारी बाई आली की मी तिला जाऊ देत नाही. पण असल्या बाया मुळात येतच नाहीत.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा आई गेली. मातीच्या दिवशी पाड्यावरच्या बाया आमच्या गळ्यात पडून म्हणत होत्या, "सुटली गं. मोकळी झाली." सुवार्तानं त्यातल्या एकीचा हात आपल्या खांद्यावरून काढला आणि घराच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी बाबांनी सांगितलं. सांगताना ते आमच्याकडे बघत नव्हते, चुलीकडे बघत होते. "नाताळला ती तुम्हाला न्यायला आली होती. मला म्हणाली, पोरी असल्या म्हणजे दवाखान्यात डॉक्टरशी बोलता येईल, पुरुषासमोर कसं सांगू. परत आली तर म्हणाली, पोरींना खाडा करून चालत नाही. होळीनंतर जाऊ. होळीनंतर म्हणाली, दुकान नवीन आहे."

सुवार्ता म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"म्हणाली, सुवार्ता पहिल्यांदाच इतकं बोलत होती. तिचं बोलणं मोडवलं नाही."

सुवार्ता रडली नाही. दुसऱ्या दिवशी बसनं विसरवाडीला गेली आणि दुकान उघडलं. मी तिच्यावर चिडले होते त्या वेळी. आता नाही चिडत. तिनं दुसरं काय करायला हवं होतं, हे मी बराच काळ शोधून पाहिलं. तिनं गाळा घेतला नसता तर ती आज ऊसफडात असती, मी दुसऱ्या फडात असते, आणि आई तरीही बोलली नसतीच. हे मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे. पण त्या दिवशी वारं सुटलं नसतं तर, हेही खरं आहे, आणि या दोन खऱ्यांमध्ये मिरचीचा अख्खा हंगाम मला झोप लागत नाही.

बाबांना पुढच्या वर्षी मुकादमानं घेतलं नाही. एकटा माणूस, अर्धा कोयता. ते सुवार्ताकडे आले ते कायमचे. दुकानात बसून काजं करतात. चष्मा लावून, अगदी मन लावून. हायवेवरून ऊसतोडीचे ट्रक जातात तेव्हा मान वर करत नाहीत.

सुवार्ताचं दुकान चांगलं चाललं आहे. मागची खोली आता तिच्या नावावर आहे. लग्नाचं कुणी विचारत नाही, तिचा दरारा आहे. मुकादमसुद्धा आपल्या नातीचे कपडे तिच्याकडे टाकतो आणि तिला सुवार्ताताई म्हणतो. नाताळच्या आधी महिनाभर तिला मान वर करायला वेळ नसतो, सगळ्या पाड्यांचे नवे कपडे तिच्याच हातून जातात. ती एकटीच जुन्या साडीत असते.

गेल्या नाताळला मला सुट्टी मिळाली. दुपारी मी विसरवाडीला उतरले. बाजार बंद होता, रस्त्यावर फक्त ट्रक. लांब कुठल्या तरी पाड्यावर ढोल वाजत होता. सुवार्ताचं दुकान उघडं होतं. सगळे कपडे लोक घेऊन गेले होते, खुंट्या मोकळ्या, फरशी झाडलेली. बाबा मागच्या खोलीत झोपले होते. ती मशीनसमोर बसली होती. पाय पायडलवर, मशीनवर कापड नव्हतं.

"आज कशाला उघडलंस?" मी विचारलं.

"सवयीनं."

"बंद कर. पाड्यावर जाऊ. माणसं भेटतील."

तिनं मशीनवरचा एक धागा उचलून टाकला. मग म्हणाली, "सकाळपासून तेच चाललंय माझं. बंद करायचं तर कुणाला विचारायचं नाही. कुठे जायचं तर कुणाला सांगायचं नाही. सगळं मिळालं बघ." तिनं हातानं मशीनचं चाक थोडं फिरवलं आणि थांबवलं. "आता तू सांग, जाऊ कुठे?"

मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. ढोल तेवढ्यात थांबला होता, किंवा वारा फिरला असेल. आम्ही दोघी दार उघडं ठेवून ऊन उतरेपर्यंत तशाच बसून राहिलो.